आधी खांदे, मग झूल
(वाचनालयाच्या ओट्यावर केलेले भाषण)



आज आम्ही इथे उपदेश करायला उभे नाही. आमची फजिती सांगायला उभे आहोत. शहाण्या माणसाचा उपदेश एका कानाने शिरतो, दुसऱ्या कानाने जातो. पण दुसऱ्याची फजिती माणूस नीट ऐकतो आणि ती लक्षातही ठेवतो. म्हणून मुद्दाम आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचे गाव कोरेगाव तालुक्यातले. साताऱ्याला जाऊन यायचे म्हणजे ५० किलोमीटर पडतात. गेल्या वर्षी पाडव्याला आमच्या दारी विजेवर चालणारी मोटार आली. गाडी लहानच, पण नवी कोरी. आमच्या वडिलांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. आम्ही सायकल आणि नंतर फटफटी वापरली. आता मोटार! सगळ्या घराला आनंद झाला. सौभाग्यवतींनी गाडीला ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले, बोनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढले. इथवर सगळे ठीक झाले.

पण खरी गोष्ट त्याच्या आधी, दुकानातच घडली होती.

गाडीचे पैसे ठरले. कागद झाले. आम्ही उठणार, तेवढ्यात दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, गाडी अशीच नेणार? उघडीबोडकी?" त्याने एक गुळगुळीत पुस्तक पुढे केले. त्यात गाडीला घालायच्या नाना वस्तूंची चित्रे होती. आमचे चिरंजीव एक पान उलटत, आम्ही दुसरे. "गाडी काय रोज घेतो का आपण?" असे चिरंजीव म्हणाले. आम्हालाही ते पटले. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, घरी जाऊन विचार करू की." पण त्या दिवशी त्यांचे कोण ऐकतो!

काय काय घेतले ते वाचून दाखवतो. पावती अजून जपून ठेवली आहे.

सीटची कव्हरे ८,५०० रुपये. पायाखालच्या जाड मॅट ६,००० रुपये. गाणी ऐकायला मोठा पेटारा आणि आवाज वाढवणारे यंत्र १९,००० रुपये. रंगीत दिवे ४,००० रुपये. चकचकीत पट्ट्या ३,५०० रुपये. पुढे लावायचा लोखंडी गार्ड ७,००० रुपये. टपावरचा कॅरियर ८,००० रुपये. रुंद टायर आणि नक्षीची चाके २४,००० रुपये.

मंडळी, आता पाटी घ्या आणि बेरीज करा. ८०,००० होतात.

एवढे पैसे खिशात नव्हते. दुकानदार म्हणाला, "काळजी नको, कर्जात घालू." कर्ज शेकडा १० व्याजाने, ५ वर्षांचे. या ८०,००० रुपयांसाठी महिन्याला सुमारे १,७०० रुपये हप्ता वाढला. १,७०० गुणिले ६० महिने किती? १ लाख २ हजार. म्हणजे वस्तू ८०,००० च्या आणि वर २२,००० रुपये व्याज. दुकानात कुणी हा गुणाकार केला नाही. "महिन्याला फक्त सतराशे" एवढेच ऐकू आले. हा "फक्त" शब्द फार वाईट. तो कानावर पडला की पाटी हातात घ्यावी.

आता दुसरी बाजू ऐका. गाडी येण्याच्या आठ दिवस आधी गावचा वायरमन घरी आला होता. जुन्या भिंती, जुन्या तारा बघून तो म्हणाला, "गुरुजी, या तारेवर गाडी लावू नका. नवी जाड तार ओढू. वेगळे बटण बसवू. जमिनीत अर्थिंग करू. सगळे मिळून ११,००० लागतील." आम्ही म्हणालो, "बघू पुढच्या महिन्यात."

रंगीत दिव्यांना पैसे होते. अर्थिंगला नव्हते. पुढचे सगळे संकट या एका वाक्यात आहे.

गाडीला वीज किती लागते, ते आधी समजून घेऊ. आमच्या गाडीची बॅटरी २४ युनिटांची आहे. युनिट म्हणजे तेच, जे तुमच्या लाइटबिलावर छापलेले असते. जाड पिनेच्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावली, तर ती तासाला साधारण ३ युनिट वीज घेते. रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. तासाला ३ युनिट म्हणजे किती? घरातला छताचा साधा पंखा ७५ वॉटचा धरा. तसे ४० पंखे एकदम फिरावेत, तेवढी वीज एका प्लगातून जाते. तीही पाच मिनिटे नव्हे, रात्रभर! इस्त्री थोडा वेळ तापते आणि थांबते. गाडी थांबत नाही. बारीक तारेतून एवढी वीज रात्रभर गेली, तर तार तापते. प्लग सैल असेल तर तो त्याहून जास्त तापतो. तापता तापता वितळतो.

आमच्या चार्जरवर पहिल्याच रात्री लाल दिवा लागला. गाडी वीज घेईना. याचा अर्थ इतकाच होता, की घराला अर्थिंग नीट नाही. बिघाड होऊन वीज गाडीच्या पत्र्यात उतरली, तर अर्थिंग तिला जमिनीत नेते. अर्थिंग नसेल, तर ती हात लावणाऱ्या माणसातून जमिनीत जाते. म्हणून ते शहाणे यंत्र अडून बसले होते. पण कुणीतरी चिरंजीवांना एक तोडगा सांगितला. बाजारात एक जोडणी मिळते. ती मध्ये लावली की लाल दिवा विझतो. तिनशे रुपयांत काम झाले! दिवा विझला, गाडी चार्ज होऊ लागली. आम्ही मुलाच्या पाठीवर थाप मारली.

मंडळी, राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून आम्ही त्याचे तोंड बांधले. चोर तसाच राहिला.

दीड महिना गेला. कार्तिक संपला, थंडी पडली. वडिलांच्या डोळ्याला मोतीबिंदू होता. साताऱ्याला शस्त्रक्रिया ठरली. सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचे होते. आदल्या रात्री गाडी ओसरीजवळ लावली, प्लग लावला आणि आम्ही निजलो. आमची आई ओसरीवरच निजते. तिच्या उशाकडच्या भिंतीत तो प्लग. आणि प्लगापासून हातभर अंतरावर कडब्याच्या पेंढ्या.

रात्री दीडच्या सुमारास आईने हाक मारली, "अरे उठा! काहीतरी करपतंय!"

आम्ही धावत बाहेर आलो. प्लग वितळून भिंतीला चिकटला होता. भिंत काळी झाली होती आणि धूर निघत होता. चिरंजीव पाणी घेऊन धावले. आम्ही ओरडलो, "पाणी नको! मेन बंद कर!" विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही, एवढे एक शहाणपण त्या रात्री सुचले. मेन बंद केला. पेंढ्या ओढून अंगणात टाकल्या. आईला उठवून आत नेले. कडब्याने पेट घेतला असता, तर आज हे भाषण झाले नसते.

आई त्या रात्री काही बोलली नाही. पहाटे चहा घेताना एवढेच म्हणाली, "गाडीला पायपुसणं सहा हजाराचं, आणि माझ्या उशाला ही तार." आम्ही मान खाली घातली.

सकाळी गाडी अंगणात उभी होती. चकचकीत पट्ट्या, नक्षीची चाके, गाण्याचा पेटारा, सगळे होते. पोटात वीज नव्हती. वडिलांना आम्ही सहाच्या एस.टी.ने साताऱ्याला नेले. ती लाल गाडी वेळेवर आली, वेळेवर पोहोचली. शस्त्रक्रिया नीट झाली. येताना वडील हसत म्हणाले, "बेंदराला बैलाचे काय करतोस रे आधी?"

मंडळी, बेंदराला आपण काय करतो? आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतो. जू ओढून जिथे घट्टे पडले, तिथे हळद आणि तूप चोळतो. मग दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवतो, झूल घालतो, गोंडे बांधतो. आधी खांदे, मग झूल. आम्ही नव्या बैलाची शिंगे रंगवली आणि खांदे विसरलो.

आता त्या ८०,००० च्या वस्तूंनी पुढे काय केले, ते एकेक सांगतो. तुमच्यापैकी कुणी गाडी घेईल, कुणाचा मुलगा घेईल, कुणी रिक्षा घेईल. तेव्हा उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट सीटच्या कव्हरांची. पुष्कळ नव्या गाड्यांत सीटच्या कडेला हवेची पिशवी लपवलेली असते. तिला एअरबॅग म्हणतात. टक्कर झाली की ती क्षणात फुगते आणि बरगड्या वाचवते. तिथे सीटवर लहान चिठ्ठी शिवलेली असते. त्यावर एअरबॅग असे इंग्रजीत लिहिलेले असते. त्या कडेवर घट्ट कव्हर चढवले, तर पिशवी वेळेवर फुगणार नाही. तेव्हा कव्हर घेण्याआधी ती चिठ्ठी शोधा. असेल, तर कडेला मोकळी जागा असलेलेच कव्हर घ्या.

दुसरी गोष्ट मॅटची. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर मॅट घालू नये. वरची मॅट सरकून ब्रेकच्या खाली अडकते. मॅट एकच, आणि हुकाला अडकवलेली असावी.

तिसरी गोष्ट गाण्याच्या पेटाऱ्याची आणि रंगीत दिव्यांची. विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी गाडी चालवते. दुसरी लहान, १२ व्होल्टची असते. दिवे, भोंगा, दाराची कुलपे तिच्यावर चालतात. ही लहान बॅटरी उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. शिवाय दिवे बसवणारा कारागीर कंपनीची तार कापून जोड देतो. त्या जोडामुळे बिघाड झाला, तर कंपनी हमी नाकारू शकते. आणि एक गोष्ट लहान पोरांनाही सांगून ठेवा. गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांना कधी हात लावायचा नाही. त्यांत जीवघेणी वीज असते. नारिंगी रंग हीच तिची खूण आहे.

चौथी गोष्ट लोखंडी गार्डची. आम्हाला वाटले, गार्ड गाडीचे रक्षण करतो. खरे उलटे आहे. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवलेला असतो, की टक्कर झाली तर तो दबावा आणि धक्का गिळावा. लोखंडी गार्ड तो धक्का थेट सांगाड्यात नेतो. समोर पायी चालणारा असेल, तर त्याची हाडे मोडतात. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की असे गार्ड बेकायदा आहेत, लावणाऱ्यावर कारवाई करा. आम्ही ७,००० रुपये देऊन गुन्हा विकत घेतला होता.

काळ्या काचांचेही तसेच. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी केली. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून शेकडा ७० आणि बाजूच्या काचेतून शेकडा ५० तरी उजेड आत आला पाहिजे. ऊन लागते म्हणून काळोख विकत घेऊ नका.

पाचवी गोष्ट कॅरियरची आणि रुंद टायरांची. डोक्यावर भारा घेऊन वाऱ्यासमोर चालून बघा. छाती कशी भरते? गाडीलाही तसेच होते. रिकामा कॅरियरसुद्धा वारा अडवतो. रुंद टायर रस्त्याला जास्त घासतात. दोन्हीमुळे वीज जास्त खर्च होते. आमची गाडी एका युनिटात ७ किलोमीटर जाऊ लागली. कॅरियर काढला, मूळची चाके परत घातली, तेव्हा ती ८ किलोमीटर जाऊ लागली. फरक एकाचाच दिसतो ना? पण २४ युनिटांना गुणा. एका भरणीत २४ किलोमीटर वाढले. म्हणजे जवळजवळ सातारा गाठण्याएवढी वाट! कॅरियरवर आम्ही सहा महिन्यांत एकदाच एक खाट आणली होती.

सहावी गोष्ट आम्ही घेतली नाही, पण बाजारात दिसते. पट्टा न बांधता गाडी चालवली की गाडी टुंग टुंग वाजते. ते वाजू नये म्हणून लोक पट्ट्याच्या कुलपात एक खोटी किल्ली घालतात. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ही वस्तू विकणे बंद करायला सांगितले. तुम्हाला आमचा विझवलेला लाल दिवा आठवला असेल. तोच हा प्रकार. गाडी ओरडते ती आपल्या भल्यासाठी. तिचे तोंड बंद करायला पैसे देणे हा वेडेपणा आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग काहीच घ्यायचे नाही का? हौसेला मोल नसते!" खरे आहे. हौस वाईट नाही. आमच्या वडिलांनी बैलांना घुंगुरमाळा घातल्याच होत्या. पण त्या कधी घातल्या? गोठा शाकारल्यावर. दावणीत वैरण पडल्यावर.

तेव्हा विजेच्या गाडीला आधी काय लागते, ते ऐका. प्लगासाठी वेगळी जाड तांब्याची तार. चांगले १५ अँपिअरचे बटण. नीट अर्थिंग. वीज गळाली की आपोआप तोडणारे यंत्र. वायरमन त्याला आरसीसीबी म्हणतो. लाइटबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो वाचा. गाडीला ३ किलोवॉट लागतात. भार कमी असेल, तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या. चार्जिंगच्या जागेजवळ कडबा, सरपण, रॉकेल काही ठेवू नका. टायरमधली हवा मोजायचे लहान यंत्र आणि हवा भरायचा पंप घ्या. औषधांची पेटी ठेवा. एवढे झाले की खांदे मळून झाले.

झुलीसाठी आमच्या घरात आता एक नियम केला आहे. गाडी आल्यावर तीन महिने काही घ्यायचे नाही. ज्या वस्तूवाचून अडेल, तिचे नाव वहीत लिहायचे. तीन महिन्यांनी वही उघडायची. जी वस्तू तीनदा लिहिली गेली, तीच घ्यायची. आमच्या वहीत तीन महिन्यांत एकच नाव तीनदा आले. काय असेल? आईसाठी गाडीत चढायला लाकडी पाट! तो सुताराने फुकट करून दिला.

दुकानात कुणी म्हणाले, की "या वस्तू घेतल्याच पाहिजेत, नाहीतर गाडी मिळणार नाही," तर घाबरू नका. एक वस्तू विकताना दुसरी गळ्यात बांधणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करा. ती राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. आणि प्रत्येक वस्तूची पक्की पावती घ्या. सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा. आता तुम्हाला वाचता येते. दुकानदाराने बोट ठेवावे आणि आपण अंगठा उठवावा, ते दिवस गेले. पण आम्हाला तर चाळीस वर्षे वाचता येत होते, तरी आम्ही वाचले नाही! अक्षर ओळखणे वेगळे आणि वेळेवर वाचणे वेगळे.

शेवटी बैराग्याची गोष्ट आठवते. त्याच्याकडे एकच लंगोटी. उंदीर ती कुरतडत, म्हणून त्याने मांजर पाळले. मांजराला दूध हवे, म्हणून गाय घेतली. गाईला वैरण हवी, म्हणून शेत केले. शेताला माणसे हवीत, म्हणून संसार मांडला. गुरू भेटायला आले आणि विचारू लागले, "हे काय रे?" बैरागी म्हणाला, "महाराज, एका लंगोटीपायी!" आमचेही तसेच. मोठा पेटारा घेतला म्हणून तारा कापल्या, तारा कापल्या म्हणून लहान बॅटरी उतरू लागली, बॅटरी उतरली म्हणून नवी घेतली. एक वस्तू एकटी येत नाही. पाहुण्यासारखी मागून चार घेऊन येते.

आज आमची गाडी उघडीबोडकी आहे. चाके निम्म्याहून कमी किमतीत विकली. गार्ड भंगारात दिला. हप्ते मात्र अजून चालू आहेत. दर महिन्याला सतराशेचा धडा आम्ही गिरवतो. पण भिंतीत जाड तार आहे, जमिनीत अर्थिंग आहे, आणि आई ओसरीवर निवांत निजते. वडील दोन्ही डोळ्यांनी वर्तमानपत्र वाचतात.

मंडळी, घरी गेल्यावर एवढेच करा. तुमच्या लाइटबिलावरचा मंजूर भार शोधा. तो आकडा वहीत लिहून पुढच्या गुरुवारी घेऊन या. ज्यांना सापडणार नाही, त्यांनी बिलच घेऊन यावे. आपण मिळून वाचू.

राम राम.